माल, दाखला आणि बंदूक

मंडळी, या वेळचा सिनेमा मुलाबाळांसोबत बघायचा नाही, हे आधीच सांगते. मारामारी आहे, नशा आहे. मुलं झोपली की लावा. नाव 'लॉर्ड ऑफ वॉर', साल 2005, दिग्दर्शक अँड्र्यू निकोल, मुख्य भूमिकेत निकोलस केज.

युक्रेनमधून न्यूयॉर्कला आलेल्या कुटुंबातला युरी ऑर्लोव्ह बंदुका विकायला लागतो. सोव्हिएत संघ मोडतो आणि याचं नशीब उघडतं. काका तिकडे लष्करात जनरल, कोठारं भरलेली आणि मोजणारं कोणी नाही. तिथला माल आफ्रिकेतल्या यादवी युद्धांत जातो.

सुरुवातीला कॅमेरा एका गोळीबरोबर फिरतो. कारखान्यातला पट्टा, पेटी, जहाज, बंदूक आणि शेवटी एका लहान मुलाचं कपाळ. आमच्या बमरोलीत लूमवरून उतरलेला ताका पार्सल होऊन टेम्पोत चढताना रोज दिसतो, म्हणून असेल, पण मला तो भाग फार लागला. पॅकिंग करणाऱ्या हातांना पुढचं काही ठाऊक नसतं.

आमचे हे रिंग रोडच्या मार्केटात कापडाची दलाली करतात. युरी म्हणतो त्याचा मतितार्थ एवढाच की मी नाही विकलं तर दुसरा विकेल. हे म्हणाले, "हे तर आमच्याकडे रोज ऐकतो." मग बराच वेळ बोलले नाहीत.

सिनेमाचा खरा जीव कागदांत आहे. पन्नास हजारांवरचा ताका परराज्यात पाठवायचा तर आपल्याला ई-वे बिल लागतं. शस्त्रांना लागतो तो अंतिम वापराचा दाखला. माल शेवटी कोण वापरणार, हे घेणाऱ्या देशाच्या सरकारने लिहून द्यायचं. तो कागद हातात आला की बंदूक कायदेशीर, मग तो खरा असो की विकत घेतलेला. युरी भर समुद्रात जहाजाचं नाव रंगवून बदलतो, तो प्रसंग बघाच.

हे सगळं परदेशातलं वाटत असेल तर पुरुलिया आठवा. 17 डिसेंबर 1995 च्या रात्री पश्चिम बंगालच्या त्या जिल्ह्यात एका अँटोनोव्ह-26 विमानातून पेट्या पॅराशूटने खाली आल्या. आत शेकडो एके-47 आणि लाखो गोळ्या. माल बल्गेरियातला, दाखला बांगलादेशाच्या नावाचा. विमान कराचीहून येऊन आपल्या वाराणसीला थांबून, इंधन भरून पुढे गेलं होतं. सकाळी गावकऱ्यांना शेतात बंदुका सापडल्या. सिनेमातही युरीचं विमान उतरतं तेव्हा लोक येऊन हाताला लागेल ती बंदूक उचलून नेतात. 'जग्गा जासूस' पाहिलेल्यांना पुरुलियाची घटना ओळखीची वाटेल.

पुढचा भाग तर आपल्या मुंबईतला. चार दिवसांनी तेच विमान परत भारतावरून जाताना हवाई दलाने त्याला मुंबईत उतरवलं. ब्रिटिश शस्त्रदलाल पीटर ब्लीच आणि लाटव्हियातून आलेले पाच कर्मचारी पकडले गेले. मुख्य माणूस किम डेव्ही, खरं नाव नील्स होल्क, विमानतळावरूनच निसटला. पकडलेल्यांना 2000 साली जन्मठेप झाली. कर्मचाऱ्यांना त्याच वर्षी माफी मिळाली, ब्लीचला 2004 मध्ये.

सिनेमात काय खटकलं? भावाची आणि बायकोची गोष्ट घाईत उरकली आहे. केज सतत चटपटीत बोलत राहतो, त्यामुळे माणूस आवडायला लागतो, आणि मला ते नको होतं. पण निकोल यांनी सांगितलेली एक गोष्ट डोक्यातून जात नाही. चित्रीकरणासाठी खोट्या बंदुका बनवण्यापेक्षा खऱ्या तीन हजार विकत घेणं स्वस्त पडलं!

युरी ज्यांच्यावरून बेतला, त्यांत व्हिक्टर बूट याचं नाव घेतलं जातं. 2008 मध्ये तो बँकॉकला पकडला गेला, अमेरिकेत 25 वर्षांची शिक्षा झाली आणि डिसेंबर 2022 मध्ये एका बास्केटबॉल खेळाडूच्या बदल्यात रशियाला परत गेला. शस्त्रव्यापारावर संयुक्त राष्ट्रांचा करार 2013 मध्ये आला. मतदानात भारत तटस्थ राहिला. सिनेमा संपताना पडद्यावर येतं की सर्वांत मोठे पुरवठादार म्हणजे सुरक्षा परिषदेचे पाच कायम सदस्यच.

आणि तो किम डेव्ही? डेन्मार्कच्या न्यायालयाने त्याला भारताच्या ताब्यात द्यायला 2011 मध्ये नकार दिला, 2024 मध्ये पुन्हा नकार दिला. तो आपल्या देशात मोकळाच आहे.