चूक दुरुस्त करणारा हात गावातलाच हवा



काही वर्षांपूर्वी आमच्याकडे पीक संरक्षणाची एक सीडी आली होती. चित्रं झकास, आवाजही गोड. पण एका फवारणीचं प्रमाण चुकलेलं. दुरुस्त कसं करायचं, विचारलं तर उत्तर आलं, "प्रोग्रामरलाच माहीत." तो केव्हाच दुसऱ्या कामाला लागलेला. सीडी कपाटात गेली ती गेलीच.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. ज्यातली चूक गावातला माणूस सुधारू शकतो, तेच सॉफ्टवेअर शेतीच्या कामाचं.

ही वाट जुनीच आहे. ॲपल कंपनीच्या बिल ॲटकिन्सन यांनी १९८७ साली 'हायपरकार्ड' काढलं. पडद्यावर कार्डं, कार्डावर बटण, बटण दाबलं की दुसरं कार्ड. २००४ मध्ये त्याची विक्री थांबली, पण तीच युक्ती आज पॉवरपॉइंटमध्ये आहे.

मक्यावरची लष्करी अळी घ्या. २०१८ साली ती भारतात प्रथम आढळली. पहिल्या स्लाईडवर अळीचा जवळून घेतलेला फोटो लावा. खाली विचारा : डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटं दिसतं का? शेपटीकडे चौकोनात चार ठिपके आहेत का? पुढे दोन बटणं, 'होय' आणि 'नाही'. बटण निवडून 'इन्सर्ट'मधल्या 'ॲक्शन'वर जा आणि कोणती स्लाईड उघडायची ते सांगा. झालं! प्रोग्रामची एक ओळही लिहावी लागत नाही.

एक मेख मात्र आहे. 'ट्रान्झिशन्स'मधली 'ऑन माऊस क्लिक'ची खूण सगळ्या स्लाईडवरून काढा. नाहीतर बटण सोडून कुठंही क्लिक झालं की पुढची स्लाईड येते आणि शेतकऱ्याला भलताच सल्ला मिळतो.

औषधं आणि त्यांचं प्रमाण एकाच स्लाईडवर तारखेसह ठेवा. शिफारस बदलली की तेवढीच बदलायची.

खरी मेहनत आहे ती प्रश्नांच्या क्रमाची. आधी काय बघायचं, मग काय, हे मक्याचा पोंगा उघडून अळी पाहिलेल्यालाच कळतं. म्हणून हे काम तुमचं-आमचं आहे.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना एकच विनंती. उद्या कुणी माहितीचं सॉफ्टवेअर विकायला आलं, तर चित्रांना भुलू नका. गावातल्या एखाद्या पोराला बसवा आणि त्यातला एक आकडा त्याच्या हातानं बदलून बघा. बदलता आला तरच पैसे मोजा.