गोळीचा आवाज आला तर त्याच रात्री कळवा

मुरूड, रोहा आणि अलिबाग तालुक्यांत फणसाड अभयारण्याच्या कडेला राहणाऱ्या सगळ्यांना ही कळकळीची विनंती आहे.

ऊन चढू लागलं की फणसाडमधले ओढे आटतात. मग भेकर, सांबर, पिसोरी सगळ्यांना चिखलगाणासारख्या उरल्यासुरल्या पाणवठ्यांवर उतरावंच लागतं. हे शिकाऱ्यालाही ठाऊक असतं. एके काळी हे जंजिऱ्याच्या नवाबाचं राखीव शिकारीचं रान होतं. 1986 साली ते अभयारण्य झालं. तिथं आता कुणालाही पारध करता येत नाही.

रिव्हॉल्व्हरने केलेली शिकार तर निव्वळ हालहाल आहे. आखूड नळीचं हे हत्यार जवळून स्वसंरक्षण करण्यासाठी असतं. रात्री, बॅटरीच्या झोतात, बिथरलेल्या जनावरावर त्याचा नेम धड लागत नाही. पोटात किंवा मांडीत गोळी घेऊन भेकर करवंदीच्या जाळीत शिरतं आणि तिथंच तडफडत मरतं. मादी असेल तर मागं दूधपितं पाडस राहतं, तेही वाचत नाही. शिवाय रिव्हॉल्व्हरची रिकामी पुंगळी आतच राहते, जमिनीवर पडत नाही. सकाळी वनरक्षक पोहोचतो तेव्हा वाळल्या पाल्यावर रक्ताचे चार थेंब असले तर असतात, एरवी काहीच नाही. तुम्ही ऐकलेला आवाज आणि पाहिलेला गाडीचा नंबर, एवढाच पुरावा उरतो.

म्हणून उजाडायची वाट पाहू नका. आवाज आला की लगेच वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर किंवा पोलिसांना 112 वर फोन करा. वेळ, दिशा, वाडीचं नाव, गाडीचा रंग, जे कळलं असेल ते सांगा. पाठलाग मात्र करू नका, समोरच्याच्या हातात हत्यार आहे. मेलेलं जनावर दिसलं तर हलवू नका.

फार्महाऊसवाल्यांनो, पाहुण्यांना आधीच बजावा. परवाना खिशात असला तरी पूर्वपरवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही. हद्दीपासून 10 किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकांनी वन्यजीव अधिकाऱ्यांकडे नोंद करायची, असं वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम 34 सांगतं. ती केली नसेल तर याच आठवड्यात करा. अभयारण्यात शिकार केली तर किमान 3 आणि कमाल 7 वर्षं कैद आहे, वर किमान 25 हजार रुपये दंड. नुसता हाकारा घालणं, फासा लावणं, गोळी चुकणं हीसुद्धा कायद्याने शिकारच.

आणि गावकऱ्यांनो, रानच्या सागोतीचा वाटा दारात आला तर घेऊ नका. ते मटण घरात ठेवणं हाही गुन्हा आहे. भेकरं संपली की बिबट्या शेळ्यांसाठी वाडीत उतरणार, आणि त्याची झळ आपल्यालाच बसणार. वाटा घेऊन आलेला माणूस ओळखीचा असेल, नात्यातलाही असेल. तरी परत पाठवा, आणि 1926 वर फोन करा.