शेवटची घंटा आधी का वाजते?

संस्थेच्या हीरक महोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी वसतिगृहातील आठवणी लिहाव्यात, असे संपादक मंडळाने सुचविले होते. आठवणी पुष्कळ आहेत. पहाटेच्या वंदनेच्या, पाण्याच्या टाकीपुढील रांगेच्या, भाकरींच्या टोपलीच्या. त्या माझ्यापेक्षा अधिक चांगल्या लिहिणारे माजी विद्यार्थी आपल्यात आहेत. मी त्यांतील एकच आठवण घेतो आणि तिच्या आधाराने एका जुन्या प्रश्नाविषयी माझे मत मांडतो. ते सर्वांना रुचेल असे नाही. पण जिल्हा परिषदेच्या शाळांत पस्तीस वर्षे शिक्षक आणि अखेरीस मुख्याध्यापक म्हणून काढल्यामुळे या विषयावर बोलण्याचा थोडा अधिकार माझ्याकडे आहे, आणि दोषाचा वाटाही आहे.

१९७३ सालचा एप्रिल महिना. आदल्या वर्षी पावसाने दगा दिला होता आणि मराठवाड्यातील विहिरी तळाला गेल्या होत्या. मी पाचवीत होतो. एका संध्याकाळी वंदना झाल्यावर गुरुजींनी आम्हां मुलांना बसवून घेतले आणि सांगितले की, विहिरीचे पाणी आता आठवडाभरही पुरणार नाही. परीक्षा चार दिवसांत उरकू आणि घरी जा. आम्हाला आनंद झाला, हे कबूल केले पाहिजे. पत्र्याच्या पेट्या डोक्यावर घेऊन आम्ही निघालो तेव्हा कोणाच्याही डोळ्यांत पाणी नव्हते. घरी पोहोचलो तर दाराला कुलूप. आई-वडील दुष्काळी कामावर, रस्त्याची खडी फोडायला गेलेले. दुसऱ्या दिवसापासून मीही त्या कामावर पाट्या वाहू लागलो. तेथे मिळणाऱ्या सुकडीची चव अजून जिभेवर आहे. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा आमच्या पंचक्रोशीतून आलेल्या पाच मुलांपैकी तिघेच परतलो. उरलेल्या दोघांची नावे गुरुजी दिवाळीपर्यंत हजेरीत पुकारीत राहिले.

त्या वर्षी दोष कोणाचा नव्हता. पाणीच नव्हते. परंतु पुढे मी स्वतः शिक्षक झालो आणि विहीर भरलेली असतानाही एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात शेवटची घंटा वाजताना वर्षानुवर्षे पाहिली. कागदावर तसे काही नसते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या अधिनियमाने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस व ८०० तास, आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १००० तास अध्यापन ठरवून दिले आहे. त्याच्याही कितीतरी आधी, १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने शाळांसाठी सुमारे २३४ दिवसांची अपेक्षा धरली होती. आपल्या राज्यात साधारणतः १ मे रोजी निकाल आणि २ मेपासून उन्हाळी सुटी, अशी रीत आहे. म्हणजे एप्रिलचा महिना हा शाळेचाच महिना आहे. प्रत्यक्षात परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की फळा पुसला जातो आणि मुलांना कोणी ‘येऊ नका’ असे न सांगताही ती येईनाशी होतात.

असे का होते, हे शिक्षकांच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी आणि दहावीच्या मंडळाच्या परीक्षा होतात. माध्यमिक शाळांच्या खोल्या त्या परीक्षांना जातात, शिक्षक पर्यवेक्षणाला जातात आणि त्यानंतर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरी येतात. मग आपल्या शाळेच्या परीक्षा, त्यांची तपासणी, नोंदवह्या, प्रगतिपुस्तके. त्यात निवडणूक आली तर बघायलाच नको. उपरोक्त अधिनियमाचे २७ वे कलम शिक्षकांना अशैक्षणिक कामे देऊ नयेत असे सांगते. पण जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांना ते सूट देते. २०१९ आणि २०२४ या दोन्ही वर्षी लोकसभेच्या निवडणुका एप्रिल-मेमध्येच आल्या. निकाल वेळेवर लावायचा तर परीक्षा लवकर घ्यावी लागते, आणि परीक्षा लवकर घेतली की वर्ष तेथेच संपते. ज्या शिक्षकाने मान खाली घालून दोनशे उत्तरपत्रिका तपासल्या आहेत, त्याला आळशी म्हणण्यास माझी जीभ धजत नाही.

ऊनही खोटे नाही. मार्चअखेरीपासून आपण सकाळची शाळा भरवतो, तरी अकराच्या सुमारास पत्र्याखाली बसवत नाही. २०२३ साली खारघरच्या उष्माघाताच्या दुर्घटनेनंतर शासनाने २१ एप्रिलपासूनच सुटी दिली. ते योग्यच झाले. आणि शासनाने उलट दिशेनेही प्रयत्न केले आहेत. करोनाकाळातील नुकसान भरून काढण्यासाठी २०२२ मध्ये एप्रिलअखेरपर्यंत वर्ग पूर्ण वेळ भरवावेत, असा आदेश निघाला. २०२५ मध्ये पहिली ते नववीच्या परीक्षा साऱ्या राज्यात ८ ते २५ एप्रिल या काळात एकाच वेळापत्रकाने घेण्याचे ठरले. दोन्ही वेळी ओरड झाली. गावाकडची तिकिटे काढून झाली आहेत, लग्ने ठरली आहेत, ऊन फार आहे, निकालाला वेळ कोठला. यांतील एकही तक्रार निराधार नव्हती. तरीसुद्धा ‘त्या पंधरा दिवसांत मुलांना काय शिकवायचे राहिले आहे?’ हा प्रश्न त्या गदारोळात मला फारसा ऐकू आला नाही. त्याचेच मला वाईट वाटले.

आता माझ्या दोषाचा वाटा सांगतो. मुख्याध्यापक असताना एका वर्षी मी ९ एप्रिलला परीक्षा संपविली आणि मुलांना मोकळे केले. हजेरीपट मात्र महिनाअखेरपर्यंत भरला. तशी पद्धतच होती, असे म्हणून मी स्वतःची सुटका करून घेणार नाही. सही माझी होती. सातवीतील एक मुलगी आदल्या आठवड्यात दोनदा माझ्याकडे येऊन गेली होती. “सर, शाळा नक्की कधीपर्यंत आहे?” असे ती विचारी. तिचे आई-वडील ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात होते. मुकादमाची उचल घेऊन दसरा-दिवाळीच्या सुमारास गेलेल्या टोळ्या कारखान्याचा पट्टा पडल्यावरच परततात, आणि त्या वर्षी ऊस जास्त असल्याने हंगाम लांबला होता. ती आजीकडे राहून शाळेत येई. दुपारचे जेवण शाळेत होई. शाळा संपली, आजीनेही हात टेकले, आणि नात्यातील कोणाबरोबर तिला फडावर पाठविण्यात आले. तेथे कोपीवर धाकट्या भावाला सांभाळायला आणि भाकऱ्या थापायला माणूस हवेच होते. जूनमध्ये तिच्या आईने येऊन शाळा सोडल्याचा दाखला मागितला. मुलगी सासरी गेली होती. दाखल्यावर कारणाच्या रकान्यात ‘पालकांच्या विनंतीवरून’ असे लिहिण्याचा प्रघात आहे. मी तेच लिहिले.

आणखी तीन आठवडे शाळा भरली असती तर ते लग्न टळले असते, असा दावा मी करीत नाही. पण तिने दोनदा विचारलेल्या प्रश्नाचा अर्थ मला तेव्हा कळला नाही, आणि तो कळणे हे माझे काम होते. सुस्थितीतील घराला सुटी म्हणजे मामाचा गाव. कुलूपबंद घराच्या मुलाला सुटी म्हणजे काम, आणि पुष्कळदा एक वेळचे जेवण कमी. दुष्काळग्रस्त भागात उन्हाळ्याच्या सुटीतही शाळेतील मध्यान्ह भोजन चालू ठेवावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली दिला, तो उगीच नव्हे.

निवासी शाळेला तर हा प्रश्न दुप्पट लागू होतो. येथे घंटा वाजली की वर्ग, जेवण आणि छप्पर, तिन्ही एकदम बंद होतात. भोजनगृह पंधरा दिवस आधी बंद झाले की धान्य, गॅस, पाणी वाचते. व्यवस्थापनाला हा हिशेब करावाच लागतो, हे मी जाणतो. पण तो वाचलेला खर्च कोणीतरी सोसतच असतो. तो मुलाच्या घरी जातो, आणि घरी कोणी असेल तरच.

आता आपल्या समाजाविषयी थोडे स्पष्ट लिहितो. राग मानू नये. १४ एप्रिल हा आपला सर्वांत मोठा सण. मुलांनी तो आपल्या गावी, आपल्या माणसांत साजरा करावा असे कोणाला वाटणार नाही? परंतु ११-१२ तारखेला पालक मुलाला ‘जयंतीपुरते’ म्हणून घेऊन जातात आणि ते मूल जूनमध्येच दिसते. मिरवणूक झाली, मग मावशीच्या मुलीचे लग्न आले, मग ‘आता राहिलेच किती दिवस’. निम्मा वर्ग असा रिकामा झाला की शिक्षक तरी कोणापुढे शिकविणार? मग शाळा लवकर सुटते, आणि शाळा लवकर सुटतेच म्हणून पुढच्या वर्षी पालक आणखी दोन दिवस आधी येतात. या रहाटगाडग्यात पहिले पाऊल कोणाचे, हे शोधण्यात अर्थ नाही. मात्र ज्या महामानवाची जयंती आपण करतो त्यांनी स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढले, ते मुलांना शाळेत टिकता यावे म्हणून. त्यांच्याच जयंतीचे निमित्त करून मुलाचे वर्ष आपण आखूड करावे, हे मला पटत नाही. मुलाला आणा, मिरवणुकीत नाचू द्या, आणि १६ तारखेच्या सकाळी परत आणून सोडा.

‘परीक्षा झाली, आता काय शिकवणार?’ असे शिक्षकबंधू विचारतील. माझ्या मते खरे शिकविणे तेव्हाच सुरू करता येते. तपासलेली उत्तरपत्रिका मुलाच्या हाती देऊन, हे गणित कोठे चुकले, हे वाक्य असे का झाले, याची त्याच्याबरोबर बसून उजळणी करण्याइतका मोकळा वेळ वर्षात दुसरा मिळत नाही. तेव्हा अभ्यासक्रम पुरा करण्याची घाई नसते, गुणांची भीती उरलेली नसते. आपण मात्र त्या उत्तरपत्रिका गठ्ठा बांधून कपाटात ठेवतो. शिवाय पाचवी आणि आठवीत आता अनुत्तीर्ण होणाऱ्या मुलास जादा अध्यापन देऊन निकालापासून दोन महिन्यांत फेरपरीक्षेची संधी द्यावी, असे २०१९ ची दुरुस्ती सांगते. हे जादा अध्यापन करायचे कधी? मेमध्ये शाळा बंद, जूनमध्ये फेरपरीक्षा. एप्रिलचे उरलेले दिवसच काय ते हाताशी असतात.

आपल्या परंपरेत सत्राची कल्पना जुनी आहे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भिक्खूंनी एका जागी राहावे, मध्येच निघून जाऊ नये, असा वर्षावासाचा नियम आहे. तो कठोर आहे, पण निर्दय नाही. आई-वडील आजारी असतील, कोणाला खरोखर गरज असेल, तर सात दिवसांत परत येण्याच्या बोलीवर जाता येते. सत्राचा शेवट हा तर सर्वांत महत्त्वाचा दिवस. त्या पवारणेत प्रत्येक जण संघासमोर बसून, माझ्यात काही दोष पाहिला, ऐकला वा संशयिला असेल तर सांगा, अशी विनंती करतो. आणि सहवास उत्तम चालला असेल तर पवारणा पुढे ढकलण्याचीही मुभा महावग्गात दिली आहे. मला हे वाचून पहिल्यांदा हसू आले होते. बरे चालले आहे म्हणून सत्र लांबविणारी शाळा मी तरी पाहिलेली नाही.

आपली संस्था काय करू शकते? फार मोठे काही नको. जाहीर केलेल्या शेवटच्या दिवसापर्यंत भोजनगृह चालावे आणि हजेरीपट खरा असावा. ऊन वाढल्यावर वर्ग सकाळी सात ते दहा एवढेच भरावेत. दुपारी मुलांना झोपू द्यावे. पाण्याची अडचण आली तर टँकरचा खर्च आम्ही माजी विद्यार्थ्यांनी उचलावा. महोत्सवाच्या मंडपाला जेवढे लागले त्याहून तो कमीच भरेल. आमच्यात आज अभियंते आहेत, परिचारिका आहेत, बँकेत आहेत, शेती करणारे आहेत. त्यांनी एप्रिलच्या अखेरच्या आठवड्यात प्रत्येकी एक दिवस येऊन मुलांपुढे बसावे. भाषण नको, आपले काम दाखवावे.

आणि एक मागणी अगदी किरकोळ. प्रवेश अर्जात पालकांचा व्यवसाय, उत्पन्न, जात, धर्म असे सारे रकाने आहेत. त्यांत ‘पालक हंगामानंतर गावी केव्हा परततात?’ हा एक रकाना वाढवावा, आणि ज्यांचे उत्तर ‘मे’ असे येईल त्या मुलांसाठी वसतिगृहाची एक खोली तोवर उघडी ठेवावी. येत्या जूनचे अर्ज अजून छापायला गेलेले नाहीत, असे कार्यालयातून कळले.