बाळंतपणाची वाट तालुक्यातच थांबावी

गोंदियाच्या बाई गंगाबाई स्त्री रुग्णालयावर जिल्ह्यातल्याच नव्हे, तर शेजारच्या बालाघाटच्या मातांचाही भार आहे. गोंदियात 2016 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तज्ज्ञसेवा मात्र अजूनही शहराकडेच एकवटलेली आहे. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावच्या जंगलपट्ट्यातील गरोदर बाईला रक्तस्राव सुरू झाला, तर प्रत्येक मिनिट मोलाचे असते.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने 2011 पासून सरकारी रुग्णालयातील प्रसूती, सिझेरियन, औषधे, रक्त आणि वाहतूक मोफत केली. आदिवासी भागासाठी बाळंतपणाआधी गरोदर मातेची आरोग्य केंद्राजवळ राहण्याची सोय करणारी ‘माहेरघर’ योजना आहे. योजना आहेत, हवी ती अखंड अंमलबजावणी. ग्रामीण रुग्णालयांत स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि रक्तसाठा असलाच पाहिजे. पूर्व विदर्भात सिकलसेलचे प्रमाण मोठे असल्याने प्रत्येक गरोदर मातेची सिकलसेल तपासणी पहिल्या तिमाहीतच व्हावी.

जन्मानंतर बाळाची सुरक्षाही तितकीच महत्त्वाची. 9 जानेवारी 2021 रोजी शेजारच्या भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील आगीत 10 नवजात बालके दगावली. त्यामुळे प्रत्येक नवजात कक्षाची अग्निसुरक्षा तपासणी नियमित हवी. आशा आणि अंगणवाडी सेविका उंबरठ्यापर्यंत पोहोचतात; त्यांचा मोबदला वेळेवर द्या. जिल्हा परिषदेने आपल्या आरोग्य केंद्रांतील रिक्त पदे पावसाळ्यापूर्वी भरावीत.