न घडलेला स्फोट आणि आपले मत



बारामती व इंदापूर तालुक्यांतील ज्या कुटुंबांनी अलीकडेच त्रिशरण-पंचशील ग्रहण केले, त्यांच्यापुढे आम्ही आज एक अवघड प्रश्न ठेवीत आहो. असत्य भाषणापासून अलिप्त राहण्याचे शील आपण विहारात उच्चारता. ते राज्यकर्त्यालाही लागू आहे काय? आणि त्याने ते मोडले, तर मतदाराने काय करावे?

प्रश्न दूरचा नाही, आपल्याच तालुक्याचा आहे. दि. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत एकामागून एक बॉम्बस्फोट झाले व २५७ माणसे प्राणास मुकली. त्याआधीच्या डिसेंबर-जानेवारीतील दंगलींनी सुमारे ९०० बळी घेतले होते. बारामतीचे श्री. शरद पवार मुख्यमंत्रिपदावर येऊन तेव्हा आठवडाही लोटला नव्हता. दूरदर्शनवरून बोलताना त्यांनी मशीद बंदर या मुसलमान वस्तीतही स्फोट झाल्याचे सांगितले. तेथे स्फोट झालेलाच नव्हता. दंगल पुन्हा भडकू नये म्हणून आपण हे हेतुपुरस्सर केले, असे पुढे त्यांनीच उघडपणे सांगितले; श्रीकृष्ण आयोगापुढेही आपण तसेच निवेदन केल्याचे ते सांगतात.

त्या हेतूविषयी आम्ही शंका घेत नाही. मुंबईत पुन्हा तशी कत्तल झाली नाही, हेही खरे. तथापि भगवंतांनी अभय राजकुमारास कोणते वचन बोलावे व कोणते टाळावे हे सांगितले, तेव्हा सत्य आणि हितकर असे वचन, मग ते कटू का असेना, योग्य वेळ पाहून बोलावे, असे म्हटले. असत्य पण हितकर अशा वचनाला त्या वर्गवारीत जागाच नाही. हे विस्मरण नव्हे, असे आम्हांस वाटते.

मतदारांनी काय केले? १९९५ साली विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेस १४१ जागांवरून ८० वर आली आणि शिवसेना-भाजप युतीचे राज्य आले. इंदापूरने श्री. हर्षवर्धन पाटील यांना अपक्ष म्हणून निवडून दिले. ते युतीच्या मंत्रिमंडळात गेले. बारामतीने मात्र श्री. अजित पवार यांना विधानसभेवर व १९९६ साली थोरल्या पवारांना लोकसभेवर पाठविले. यातील कोणतेही मत त्या न घडलेल्या स्फोटावर पडले, असे म्हणता येणार नाही. मतपेटीपुढे तो प्रश्न म्हणून उभाच राहिला नाही.

याउलट स्पेनमध्ये पाहा. ११ मार्च २००४ रोजी माद्रिदच्या आगगाड्यांत स्फोट झाले. सरकारने दोष बास्क फुटीरांच्या संघटनेवर ठेवला आणि विरुद्ध पुरावा पुढे येऊ लागला तरी तेच पालुपद चालू ठेवले. मतदान तीनच दिवसांवर होते. लोक रस्त्यावर आले, सत्य मागू लागले आणि त्यांनी सत्ताधारी पक्षास खाली उतरविले. तेथील असत्य पक्षाच्या सोयीचे होते, मुंबईतील दंगल टाळण्यासाठी होते. हा भेद आम्ही मान्य करतो. पण स्पेनच्या मतदाराला मत देण्यापूर्वी कळले, हा भेद अधिक मोठा आहे. आपल्याकडे २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याची चौकशी करणाऱ्या राम प्रधान समितीचा अहवालही ऑक्टोबर २००९ च्या निवडणुकीनंतरच विधिमंडळापुढे आला.

आपल्यापैकी पुष्कळजण म्हणतील, साहेबांनी चांगल्यासाठी केले, आता ते उकरून काय उपयोग? त्यांना आम्ही घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगराची आठवण देतो. ११ जुलै १९९७ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेने क्षुब्ध झालेल्या आपल्या माणसांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या व दहा जण मारले. तेव्हाही शांततेचेच कारण पुढे आले: जमाव गॅसचे टँकर पेटविणार होता म्हणे! गुंडेवार आयोगाने तो गोळीबार असमर्थनीय ठरविला. शांततेसाठी सांगितलेले एक असत्य आपण आपल्या नेत्याचे म्हणून पोटात घातले, तर दुसऱ्याचा जाब कोणत्या तोंडाने विचारणार? व्यक्तिपूजा राजकारणात अधःपाताकडे नेते, हा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत दिला होता. तो सर्व नेत्यांना, आपल्यालाही, उद्देशून होता.

म्हणून पुढल्या निवडणुकीत कोणताही उमेदवार विहाराच्या ओट्यावर मत मागावयास येईल, तेव्हा रस्ता आणि समाजमंदिर यांबरोबर एवढेही विचारा: हल्ला, दंगल वा गोळीबार झाल्यानंतर सरकारने जे सांगितले त्याची छाननी विधिमंडळात व्हावी आणि चौकशी अहवाल मतदानापूर्वी खुला व्हावा, यासाठी आपण सभागृहात उभे राहाल काय? उत्तर लिहून घ्या, आणि त्यावर त्यांची सही घ्या.