फुकटच्या चित्राची किंमत

मुलांच्या खेळाकडे राजकीय चळवळीने गांभीर्याने पाहावे असे म्हटले की पुष्कळ कार्यकर्त्यांच्या चेहऱ्यावर अजूनही स्मित उमटते. महागाई, बेकारी, कंत्राटी कामगारांचे हाल हे प्रश्न दारात उभे असताना बाहुलीच्या चित्राची चर्चा कशाला, असा त्यांचा सवाल असतो. बाजारपेठ मात्र खेळाला क्षुल्लक मानण्याची चूक करीत नाही. पाच वर्षांच्या मुलीच्या मनात जे चित्र ठसते ते पंचविसाव्या वर्षीही पुसले जात नाही, हे तिला चळवळीच्या कितीतरी आधी उमगले आहे.

फॅशनच्या बाहुलीचे रंगवण्याचे पान हे याचे अगदी साधे उदाहरण. शहरातील घरच्या प्रिंटरवर किंवा तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानात हे पान दोन-चार रुपयांत निघते. सिंहकटी, लांब पाय, टपोरे डोळे, पाठीवर मोकळे सोडलेले केस आणि अंगावर घोळदार झगा अशा रूपातली बाहुली काळ्या रेषेत काढलेली असते. मुलीने तिच्यात रंग भरायचे. आईवडिलांना समाधान असते की मूल गप्प बसले आहे आणि खर्चही झालेला नाही. पान फुकट आहे ही समजूत इथूनच सुरू होते.

हे पान आले कोठून? मुलांसाठी रंगवण्याची पुस्तके छापण्याचा धंदा अमेरिकेत मॅक्‌लॉफ्लिन बंधूंनी 1879च्या सुमारास सुरू केला. कपडे बदलता येणारी कागदी बाहुली त्याहून जुनी. लंडनच्या फुलर यांनी 1810 मध्ये अशा बाहुलीचे पुस्तक विक्रीस काढले होते. कागदावरचे हे दोन जुने खेळ एका प्लॅस्टिकच्या बाहुलीच्या दिमतीला आले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. 9 मार्च 1959 रोजी न्यूयॉर्कच्या खेळणी-प्रदर्शनात मॅटेल कंपनीने बार्बी मांडली. तिची किंमत 3 डॉलर होती. कंपनीच्या संचालिका रुथ हँडलर यांना ही कल्पना सुचली, त्यामागे दोन गोष्टी होत्या. आपली मुलगी कागदी बाहुल्यांशी खेळताना त्यांना मोठ्या बायकांच्या भूमिका देते, हे त्यांनी पाहिले होते. आणि युरोपच्या प्रवासात त्यांना लिली नावाची जर्मन बाहुली आढळली होती. ही लिली मूळची एका जर्मन वृत्तपत्रातील व्यंगचित्रमालिकेची नायिका. तिची बाहुली 1955 मध्ये निघाली ती मुख्यतः प्रौढ गिऱ्हाइकांसाठी. पुरुषांच्या थट्टेसाठी घडवलेला बांधा असा चार वर्षांत लहान मुलींच्या खेळात येऊन बसला.

तो आपोआप बसला नाही. मॅटेलने 1955 मध्ये ‘मिकी माउस क्लब’ या मुलांच्या दूरदर्शन कार्यक्रमावर 52 आठवडे जाहिरात करण्यासाठी 5 लाख डॉलर मोजले होते. तोवर खेळण्यांची जाहिरात नाताळच्या तोंडावर होत असे आणि ती आईबापांना उद्देशून असे. आता वर्षभर, थेट मुलाशी बोलणे सुरू झाले. बार्बीच्या वेळी कंपनीने अर्नेस्ट डिख्टर या मानसतज्ज्ञाची मदत घेतली. त्यांना चौकशीत आढळले की मुलींना बाहुली आवडते, मात्र पुष्कळ आयांना ती नकोशी वाटते. यावर सुचवलेला उपाय असा, की ही बाहुली मुलीला नीटनेटके राहायला शिकवील, हे आईच्या मनावर ठसवावे. आईची स्वाभाविक शंका हा विक्रीतला अडथळा मानून तो दूर करण्याचे शास्त्र रचले गेले.

बाहुली स्वस्त आणि कपडे अनेक, हे या धंद्याचे गमक. एकदा बाहुली घरात आली की झगा, चपला, पर्स, पुढे मोटार आणि घर यांची मागणी थांबत नाही. रंगवण्याचे पान या साखळीतील सर्वांत पहिली आणि सर्वांत स्वस्त कडी आहे. त्याच्यासाठी कागद आईबापांचा, शाई त्यांची, वीज त्यांची आणि श्रम मुलीचे. ती अर्धा-पाऊण तास त्या रेषांवरून हात फिरवते आणि उठते तेव्हा तिला खरी बाहुली हवी असते. काही पाने कंपन्या स्वतः पुरवतात, कित्येक तिऱ्हाईत लोक जाहिरातींच्या उत्पन्नासाठी पुरवतात. कोणीही पुरवली तरी प्रचार एकाच मालाचा होतो. ज्या जाहिरातीत गिऱ्हाईक स्वतःच्या खर्चाने राबते, तिच्याइतकी किफायतशीर जाहिरात दुसरी कोणती असेल?

कागदावरच्या या रेषेमागे आणखी काही हात आहेत, ते चित्रात दिसत नाहीत. पहिल्या बार्बी जपानमध्ये बनल्या आणि त्यांचे चिमुकले कपडे जपानी स्त्रियांनी घरबसल्या शिवले. जपानमधील मजुरी वाढली तशी ही कामे आशियातील अधिक स्वस्त मजुरीच्या प्रदेशांकडे सरकत गेली. 1996 मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने एका बार्बीचा हिशेब मांडला. अमेरिकेतील दुकानात जवळजवळ 10 डॉलरला विकल्या जाणाऱ्या त्या बाहुलीतील चिनी मजुरांच्या मजुरीचा वाटा 35 सेंट, म्हणजे साडेतीन टक्के होता. खेळण्यांच्या एकूण उद्योगातील परिस्थितीची आठवण 10 मे 1993 या दिवसाने दिली आहे. थायलंडमधील केडर खेळणी कारखान्याला त्या दिवशी आग लागली आणि 188 कामगार मृत्युमुखी पडले. त्यांतील बहुसंख्य तरुण मुली होत्या. परदेशी मुलांसाठी बाहुल्या आणि मऊ खेळणी बनवताना त्या गेल्या. बालपण रंगीत करण्याचा दावा करणाऱ्या धंद्याचा जमाखर्च मांडताना हे पान वगळता येत नाही.

आता रेषेच्या आतले पाहू. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 1996 मध्ये केन आणि बार्बी यांची मापे माणसाच्या उंचीला लावून पाहिली. केनसारखा बांधा सुमारे 50 पुरुषांत एकाचा असू शकतो. बार्बीसारखा बांधा एक लाख स्त्रियांत एकीचाही असण्याचा संभव नाही, असा निष्कर्ष निघाला. मुलग्याला अवघड आदर्श मिळाला, मुलीला अशक्यप्राय. 2006 मध्ये इंग्लंडमध्ये 5 ते 8 वर्षांच्या 162 मुलींवर प्रयोग झाला. त्यांना बाहुली हाती दिली नव्हती, केवळ चित्रांचे पुस्तक दाखवले होते. ज्यांच्या पुस्तकात बार्बीची चित्रे होती त्या मुलींमध्ये, विशेषतः लहान वयाच्या मुलींमध्ये, स्वतःच्या शरीराविषयी नापसंती आणि अधिक बारीक होण्याची इच्छा वाढलेली दिसली. नुसते चित्र पाहून एवढे घडत असेल, तर तेच चित्र रोज हाताने गिरवणे निरुपद्रवी कसे म्हणावे?

महाराष्ट्रात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. खडूंच्या डबीतील फिकट गुलाबी-पिवळसर खडूला इथली मुले सर्रास ‘स्किन कलर’ म्हणतात. अमेरिकेतील क्रेयोला कंपनीने तशा रंगाचे ‘मांसवर्ण’ या अर्थाचे नाव 1962 मध्ये बदलून त्याला पीच फळाचे नाव दिले. आपल्या बालवाड्यांत ते जुने नाव अद्याप सुखेनैव नांदते आहे. सावळी मुलगी स्वतःच्या हाताने बाहुलीच्या चेहऱ्याला तो खडू लावते आणि तोच ‘कातडीचा रंग’ म्हणून शिकते. मग तिचा स्वतःचा रंग कोणता ठरतो? ज्या समाजात वधू पाहिजेच्या जाहिराती ‘गोरी, सडपातळ’ या दोन शब्दांवाचून पुऱ्या होत नाहीत, तेथे हा धडा कोरा जात नाही. जात आणि वर्ण यांच्या जुन्या उतरंडीला परदेशी बाहुलीचा असा आयता आधार मिळतो.

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. आक्षेप असा: मुलींच्या खेळाला नाके मुरडणे ही पुरुषी प्रवृत्ती आहे. मुलगा बंदुकीचे चित्र रंगवतो तेव्हा फारसे कोणी लेख लिहीत नाही. मुलगी झगा रंगवू लागली की समाजाला तिच्या भवितव्याची काळजी वाटते. शिवाय बार्बीपूर्वी मुलीच्या हाती बहुधा तान्हे बाळ दिले जाई आणि तिने आईच व्हावे हे ठरलेले असे. बार्बी 1965 मध्ये अंतराळवीर झाली, पुढे डॉक्टर झाली, राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारही झाली. या आक्षेपात तथ्य आहे. नटण्याची हौस हा गुन्हा नव्हे, आणि साधेपणाच्या नावाखाली मुलींच्या आनंदावर पहारे बसवणाऱ्या समाजवाद्याने आपण कोणाची भाषा बोलतो आहोत हे तपासलेले बरे.

तथापि त्या बाहुलीची कर्तबगारी नेहमीच एखाद्या पोशाखाच्या रूपाने विकली गेली. वकील होण्यासाठी कोट लागतो, अंतराळात जाण्यासाठी चंदेरी सूट लागतो. अभ्यास, शुल्कमाफी, वसतिगृह, पाळणाघर यांची त्या जगात गरजच पडत नाही. मुक्ती खरेदी करता येते, हा या खेळाचा खरा सिद्धान्त. कंपनीने 2016 मध्ये उंच, ठेंगणा आणि भरदार असे तीन नवे बांधे आणले आणि त्वचेच्या छटाही वाढवल्या. हे टीकेच्या आणि घटत्या विक्रीच्या दडपणाखाली घडले. दडपण आणले तर बदल होतो, एवढा धडा त्यातून जरूर घ्यावा. फुकटच्या अनेक पानांवर मात्र जुनाच बांधा छापला जात आहे.

शिक्षणशास्त्रानेही या पानांविषयी इशारा देऊन ठेवला आहे. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी 1947 मधील आपल्या ग्रंथात दाखवले, की तयार आकृती रंगवणाऱ्या मुलाचा स्वतःच्या रेषेवरचा विश्वास उडतो. आपल्याला असे सुबक काढता येत नाही, म्हणून ते काढणेच सोडून देते. महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत बालशिक्षणाचे जे काम उभे केले, त्यात पाने, बिया, दगड, शिंपले हीच साधने होती. पैसा नव्हता हे एक कारण. मूल आपल्या परिसरातून आणि आपल्या हातांनी शिकते ही श्रद्धा हे दुसरे आणि अधिक मोठे कारण.

मग करावे काय? बंदीची मागणी उथळ ठरेल. मुलीच्या हातून पान हिसकावून घेतल्याने बाहुलीची मोहिनी वाढेल, एवढेच. खरी मागणी कायद्याकडे करावयाची आहे. कॅनडातील क्वेबेक प्रांताने 13 वर्षांखालील मुलांना उद्देशून केलेल्या व्यापारी जाहिरातींवर 1980 मध्ये बंदी घातली. एका खेळणी कंपनीने तिला आव्हान दिले. तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये कायदा उचलून धरला. स्वीडनने 1991 मध्ये 12 वर्षांखालील मुलांसाठी दूरदर्शनवर तसाच निर्बंध आणला. याउलट अमेरिकेत व्यापार आयोगाने 1978 मध्ये असा प्रयत्न करताच उद्योगपतींनी गिल्ला केला आणि 1980 मध्ये काँग्रेसने आयोगाचेच पंख छाटले. भारतात 2022च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींवर काही बंधने घातली आहेत. पण शाळेत किंवा अंगणवाडीत वाटले जाणारे रंगवण्याचे पान ही जाहिरात आहे, असे कोणी समजतच नाही. सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या शाळांत व्यापारी बाहुल्यांची आणि मालिकांतील पात्रांची छापील पाने वाटली जाऊ नयेत, एवढी मागणी प्रत्येक पालकसभेत आणि ग्रामसभेत करता येण्यासारखी आहे. तिला निधीही लागत नाही.

दुसरे काम कार्यकर्त्यांचे स्वतःचे आहे. वस्तीतील बालवाडी, सेवादलाची शाखा, उन्हाळी शिबिर यांत कोरे कागद ठेवावेत आणि खडूंच्या डबीत तपकिरी छटा भरपूर असाव्यात. मुलींना बाहुली काढावीशी वाटली तर अवश्य काढू द्यावी. ती ऊसतोडीला जाणाऱ्या आईची असो, बसच्या कंडक्टरबाईची असो की राजकन्येची. तिची कंबर किती आणि रंग कोणता हे काढणारीने ठरवावे. मुलग्यांनाही त्याच पंगतीत बसवावे. तिच्या झग्याला खिसे असावेत की नसावेत, याची चर्चा मुले आपण होऊन करतील आणि ती अनेक व्याख्यानांहून मोलाची असेल. छापील रेषेच्या बाहेर रंग गेला म्हणून मुलीला टोकणारी शाळा पुढे तिला कुठल्याच रेषेबाहेर पाऊल टाकू देत नाही. कोरा कागद त्या मानाने स्वस्त आहे, झेरॉक्सच्या दुकानातल्या पानापेक्षाही.