टक्कल दिसले, मूत्रपिंडाचे काय?

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात लोकांचे केस अचानक गळू लागले. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत आधी डोके खाजायचे, मग केस नुसत्या ओढण्याने हातात यायचे आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडायचे. बघता बघता अठराएक गावांतील पावणेतीनशेहून अधिक लोकांना त्रास झाल्याची नोंद झाली. वृत्तवाहिन्यांनी त्याला ‘टक्कल व्हायरस’ हे नाव देऊन टाकले आणि त्या नावाने रोगापेक्षा मोठे नुकसान केले. गावकऱ्यांना लोक टाळू लागले, तरुण मुली तोंड झाकून फिरू लागल्या, ठरत आलेल्या सोयरिकी अडल्याच्या बातम्या आल्या. मुळात तेथे कोणताही विषाणू सापडलेला नव्हता.

सुरुवातीला बुरशीचा संशय घेतला गेला, शाम्पूची चौकशी झाली, पाण्याचे नमुने गेले. पाण्यात नायट्रेट आणि क्षार जास्त आढळले. पण त्याने असे टक्कल पडत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक येऊन रक्त, लघवी, केस, पाणी, माती असे नमुने घेऊन गेले. महाडचे ज्येष्ठ डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनीही या गावांत जाऊन स्वतंत्र तपास केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी मांडलेल्या निष्कर्षानुसार रुग्णांच्या रक्तात सेलेनियम ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट जास्त होते. आणि त्याचा उगम रेशनवर आलेल्या गव्हात असावा. गव्हाबाबतच्या या निष्कर्षावर वाद झाला. तरी लक्षणे सेलेनियमच्या विषबाधेशी जुळणारी होती. एप्रिलमध्ये याच भागात काहींची नखे ठिसूळ होऊन गळू लागली, तेव्हा हे साम्य आणखी ठळक झाले.

सेलेनियम शरीराला लागते, पण अगदी कणभर. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण ४० ते ५५ मायक्रोग्रॅम पुरतात आणि ४०० मायक्रोग्रॅमची मर्यादा ओलांडून दीर्घकाळ पोटात गेले, की ते विष ठरते. हे धान्यात मातीतून उतरते. पंजाबातील नवांशहर आणि होशियारपूर भागातील काही जमिनींत सेलेनियम जास्त असल्याचे शास्त्रज्ञांना पूर्वीपासून ठाऊक आहे. चीनच्या हुबेई प्रांतातील एनशी भागात १९६१ ते १९६४ या काळात याच विषबाधेने लोकांचे केस आणि नखे गळाली होती. तिथल्या मातीत सेलेनियम पूर्वीपासूनच होते. मग साथ त्याच वर्षांत का आली? दुष्काळाने भाताचे पीक बुडाले आणि लोकांना तिथलाच मका व भाजीपाला जास्त खावा लागला. म्हणजे विष मातीत होते, पण ते माणसाच्या पोटात पोचवले ते टंचाईने.

शेगावचा प्रश्नही इथेच येऊन थांबतो. गहू सदोष होता असे धरून चालले, तरी तोच गहू रोज तिन्ही त्रिकाळ कोण खाते? ज्याच्या घरी दुसरे धान्य विकत आणायची ऐपत आहे, त्याच्या ताटात चार ठिकाणचे धान्य येते आणि एकातला दोष दुसऱ्याने झाकला जातो. ज्याचे घर एकाच पोत्यावर चालते, त्याला तो दोष पूर्ण भोगावा लागतो. एकेकाळी या जिल्ह्याच्या घराघरांत ज्वारीची भाकरी होती आणि ज्वारी स्वतःच्या वावरातली होती. कपाशी आणि सोयाबीनने ती जागा घेतली, ताटात रेशनचा गहू-तांदूळ आला. यात रेशनचा दोष नाही. या धान्याने लाखो घरांतील उपासमार थांबवली आहे. पण जे धान्य माणसाला निवडता येत नाही, त्याच्या तपासणीची जबाबदारी देणाऱ्यावर जास्त असते.

या गावांकडे निवड इतकी कमी का, याचे उत्तर जमिनीखाली आहे. घाटाखालचा शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा हा भाग पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात मोडतो. अमरावती, अकोला आणि बुलढाणा मिळून सुमारे नऊशे गावे या पट्ट्यात येतात. येथील भूजल मुळातच खारट. विहीर खोदून ओलित करावे, तर जमीन चोपण होते. म्हणून शेती कोरडवाहू, पीक बहुतेकांचे एकच आणि तेही पावसाच्या भरवशावर. उत्पन्न कमी म्हणून पिण्याच्या पाण्याचा जार रोज विकत घेणे परवडत नाही. मग पुन्हा तेच खारे पाणी. जे पाणी गरीब ठेवते, तेच प्यावेही लागते.

या पट्ट्यात मूत्रपिंडाच्या आजारांची तक्रार जुनी आहे. त्याचा सगळा दोष एकट्या पाण्यावर टाकता येणार नाही. मधुमेह, रक्तदाब, उन्हातले काम, अंगदुखीवर मनाने घेतलेल्या गोळ्या ही कारणेही असतात. पण त्यातली बरीच कारणे पुन्हा परिस्थितीशीच जोडलेली आहेत. पाणी बेचव लागले की माणूस कमी पितो. एप्रिल-मेच्या उन्हात कमी पाणी पिऊन कष्ट केले की मुतखडा आणि मूत्रपिंडावरचा ताण वाढतो. मजुरी बुडू नये म्हणून दुखणे गोळीवर काढले जाते. भारतीय मानकानुसार पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावेत. ‘दुसरा स्रोत नसेल तर’ ही सवलत काही दिवसांसाठी ठीक आहे. या गावांनी त्यावर पिढ्या काढल्या.

टक्कल दिसते, म्हणून आठवडाभरात कॅमेरे आले, पथके आली. मूत्रपिंड बिघडते ते वर्षानुवर्षे आणि आवाज न करता. कळते तेव्हा डायलिसिसची वेळ आलेली असते. सरकारी योजनेत डायलिसिस मोफत मिळते हे खरे. पण आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी चार तास, शिवाय जाणे-येणे आणि सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी हा हिशेब घराला मोडतो.

जागतिक आरोग्य संघटनेने मायकेल मार्मट यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने २००८ मध्ये सांगितले होते, की माणूस कुठे जन्मतो, काय काम करतो, कसे राहतो यावर त्याचे आरोग्य ठरते. आपल्याकडे मात्र सल्ला अजून व्यक्तीलाच दिला जातो : पाणी उकळा, धान्य धुवा, तपासणी करा. उकळल्याने जंतू मरतात, क्षार जात नाहीत. दाण्यात मुरलेले सेलेनियम धुण्याने फारसे कमी होत नाही. सल्ला चुकीचा नाही. या दोन दोषांवर तो लागू पडत नाही, एवढेच.

करण्याजोगे बरेच आहे आणि त्यासाठी नवे रुग्णालय लागत नाही. रेशनच्या गोदामातून धान्य निघण्यापूर्वी त्यातील जड धातू आणि सेलेनियम यांची नमुना तपासणी व्हावी आणि निकाल दुकानावर लावला जावा. अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्याची सोय आहे. या भागात ज्वारी शेतकऱ्याकडून घेऊन रेशनवर दिली, तर एकाच पोत्यावरचे अवलंबन घटेल. जलजीवन मिशनमध्ये गावातील पाच महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. त्यांनी काढलेले आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दिसले पाहिजेत. वान धरणावरच्या योजनेसारख्या गोड्या पाण्याच्या नळयोजनांचे मोजमाप किती किलोमीटर जलवाहिनी टाकली यावर नको, शेवटच्या गावाच्या शेवटच्या नळाला आठवड्यातून किती दिवस पाणी आले यावर हवे. आणि तिशीनंतर रक्तदाब-साखर तपासली जाते, तेव्हा खारपाणपट्ट्यात क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिनांची तपासणीही सोबत व्हावी. आजार लवकर कळला, तर औषधे आणि पथ्य यांच्या जोरावर डायलिसिस कितीतरी वर्षे पुढे ढकलता येते.

शेगावच्या पीडितांपैकी अनेकांना नंतर केस आले. संग्रामपूरच्या ज्या माणसाचे मूत्रपिंड आज निम्मे निकामी झाले आहे आणि त्याला ते माहीत नाही, त्याच्या दारी पथक कधी जाणार, हे आता जिल्हा प्रशासनाने सांगावे.